पॉझिक्सचं स्टँडर्ड एकत्र वाचून शेरे पाठवूया का? (ठाणे, ऐरोली, वाशी, कोणीही या)

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी, हा धागा काढायचं किती दिवस मनात होतं. रोज सकाळी ट्रान्स हार्बरला दारात उभं राहून ठरवायचो आणि घरी आलं की राहून जायचं. तर विषय पॉझिक्सचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमने प्रोग्रामला आणि शेलला (आपण टाईप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) काय काय द्यायचं आणि कसं वागायचं याचं जे स्टँडर्ड आहे त्याचा. त्याची २०२४ ची आवृत्ती आली आणि तिच्यात सापडणाऱ्या चुका आता पुढच्या दुरुस्तीसाठी गोळा होतायत. ही आवृत्ती मसुदा असताना मी तिची काही प्रकरणं एकट्याने वाचली होती, आणि एकट्याने हे होत नाही हे तेव्हाच कळलं. ४००० च्या आसपास पानं आहेत, दहाव्या पानानंतर डोळे नुसते ओळींवरून घसरत जातात.

मी यात का पडलो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी महापेला एका कंपनीत होतो, इन्स्टॉलेशनची स्क्रिप्ट माझ्याकडे होती. ती एका कॉन्फिग फाईलमधे ईकोने, म्हणजे दिलेला मजकूर छापणाऱ्या कमांडने, विंडोज शेअरचा पाथ लिहायची, आणि त्या पाथमधे उलटा स्लॅश आणि त्याला लागून टी हे अक्षर होतं. माझ्या मशीनवर स्क्रिप्ट बॅश नावाच्या शेलने चालायची, पाथ जसाच्या तसा उतरायचा. क्लायंटकडे डेबियन लिनक्स, तिथे तीच स्क्रिप्ट डॅश या दुसऱ्या शेलने चालली आणि स्लॅश अधिक टी मिळून झाला टॅब. फाईल उघडली तर पाथच्या मधोमध एक रिकामी जागा, मला वाटलं कोणीतरी हाताने एडिट करताना स्पेस मारली असेल, म्हणून मी ती पुसून स्लॅश आणि टी टाकायचो आणि पुढच्या इन्स्टॉलला पुन्हा तेच. दोन रात्री गेल्या. शेवटी स्टँडर्डमधलं ईकोचं पान उघडलं तर तिथे सरळ लिहिलेलं, की पहिला ऑपरंड (कमांडला दिलेला शब्द) मायनस एन असेल किंवा कुठल्याही ऑपरंडमधे उलटा स्लॅश असेल तर काय होईल ते इंप्लिमेंटेशन डिफाईन्ड, आणि सगळीकडे सारखं चालायला हवं असेल तर प्रिंटएफ ही दुसरी कमांड वापरा. म्हणजे डॅशची चूक नाही, बॅशचीही नाही, मी ते वाक्य वाचलं नव्हतं एवढंच.

आणि असं प्रत्येक वाक्य कोणीतरी बसून, भांडून, शब्द बदलून बदलून लिहिलेलं असतं. आपल्याकडे ठाणे ते पनवेल इतकी माणसं दिवसभर शेल आणि सी मधे काम करतात, त्यातल्या चौघांनी जरी एकेक प्रकरण नीट वाचलं तरी खूप काम होईल. कोण कोण येतंय?

कोपरखैरणे_थर्डइयर

दादा मी येते. पण मी अजून कॉलेजात आहे, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग थर्ड इयर. तीन प्रश्न आहेत. फी लागते का? आमच्यासारख्यांनी पाठवलेलं कोणी वाचतं का? आणि अनस्पेसिफाईड, अनडिफाईन्ड आणि इंप्लिमेंटेशन डिफाईन्ड यात फरक काय, मला तिन्ही एकच वाटतात.

ऐरोलीकर

फी नाही. हे काम ऑस्टिन ग्रुप बघतो, म्हणजे आयट्रिपलई, द ओपन ग्रुप आणि आयएसओ या तिघांचा मिळून एक गट. १९९८ साली पहिली बैठक टेक्ससमधल्या ऑस्टिनला झाली म्हणून ते नाव. कोणीही नाव नोंदवू शकतं, कंपनी लागत नाही, डिग्री लागत नाही. स्टँडर्ड ब्राउझरमधे फुकट वाचता येतं. चूक दिसली की त्यांच्या बग ट्रॅकरवर पान नंबर, ओळ नंबर, अडचण काय, आणि त्या जागी नेमके कुठले शब्द हवेत, एवढं लिहायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "हे नीट कळत नाही" असं लिहून सोडलं तर ते काम दुसऱ्याच्या गळ्यात पडतं, नवीन वाक्य आपणच लिहून दिलं तर चर्चा त्या वाक्यावर होते. मग शेरा मान्य होतो, किंवा बदल करून मान्य होतो, किंवा नाकारतात आणि का नाकारलं ते तिथेच लिहिलेलं राहतं. वाचतात, शब्द न् शब्द वाचतात.

आता तिसरा प्रश्न. तू ठाणे स्टेशनवर उभी आहेस असं समज. इंप्लिमेंटेशन डिफाईन्ड म्हणजे वाशीची गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला लावायची ते स्टेशनने ठरवावं, पण ठरवलं की इंडिकेटरवर दाखवलंच पाहिजे. अनस्पेसिफाईड म्हणजे गाडी यातल्या कुठल्याही प्लॅटफॉर्मला येईल, सांगायची सक्ती नाही, उद्या बदलेल सुद्धा, तेव्हा तू एकाच प्लॅटफॉर्मच्या भरवशावर राहू नकोस. आणि अनडिफाईन्ड म्हणजे तू रुळात उतरलीस, आता पुढे काय होईल याबद्दल नियमपुस्तक काहीच बोलत नाही.

वाचताना क्रियापदावर बोट ठेवायचं, नाम नंतर. शॅल म्हणजे केलंच पाहिजे. शुड म्हणजे केलेलं बरं. मे म्हणजे मुभा. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, त्यांनी व्याख्येतच लिहून ठेवलंय की मे च्या उलट अर्थासाठी मे नॉट वापरायचं नाही, नीड नॉट वापरायचं. कारण मे नॉटचे दोन अर्थ निघतात, एक "करू नये" आणि दुसरा "नाही केलं तरी चालेल". मराठीत आपण हे दोन कधी एकत्र करत नाही, करू नको आणि नाही केलंस तरी चालेल यातला फरक आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतो, पण इंग्रजीत एका शब्दात दोन्ही मावतात आणि तेवढ्यावर दोन सिस्टीम दोन दिशेला जातात.

नौपाडा_रूट

तुमचा उत्साह चांगलाय पण स्पष्ट बोलतो. प्रॅक्टिकली लिनक्स जे करतो तेच स्टँडर्ड. लिनक्सच्या बहुतेक डिस्ट्रोंनी तर युनिक्सचं सर्टिफिकेट पण घेतलेलं नाही. मग ४००० पानं वाचून काय मिळणार? तोच वेळ कर्नलचा सोर्स वाचण्यात घालवला तर जास्त उपयोग.

पाचपाखाडीचा_जुना_युनिक्सवाला

नौपाडा, तुमचं अर्धं बरोबर आहे. सर्टिफिकेट नसलं तरी ही मंडळी स्टँडर्ड समोर ठेवूनच लिहितात. तुमच्या हातात मॅक असेल तर तो सर्टिफाईड युनिक्स आहे, २००७ सालच्या लेपर्ड या आवृत्तीपासून. डॉकरमधे (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमधे चालवायचं साधन) अल्पाइन हा लिनक्स घेतलात तर त्यात बॅश नसतो, ग्लिबसी ही नेहमीची सी लायब्ररी पण नसते, मसल नावाची दुसरी असते आणि मसल लिहिणाऱ्यांनी पॉझिक्सचंच बोट धरलेलं आहे. तेव्हा लिनक्स लिनक्स म्हणताना कुठला लिनक्स हे विचारावं लागतं.

मी एचपीयूएक्स, सोलारिस, एआयएक्स या तिन्ही युनिक्सवर काम केलेलं, आता निवृत्त. एक गोष्ट सांगतो म्हणजे शब्दाची किंमत कळेल. क्लोज नावाचं साधं फंक्शन, फाईल बंद करायची. बंद करताना मधेच सिग्नल आला तर ते मायनस एक देतं आणि एररनो मधे (एरर कोड ठेवायची जागा) ईइंटर, म्हणजे काम मधेच अडलं. आता सांगा, फाईल बंद झाली की उघडीच आहे? स्टँडर्डमधे कित्येक वर्षं उत्तर असं होतं, की अनस्पेसिफाईड. एचपीयूएक्सवर ती उघडी राहायची, तेव्हा पुन्हा क्लोज मारणं हेच योग्य. लिनक्समधे ती बंद झालेली असते.

आमच्याकडे एका सर्व्हरचा कोड एचपीयूएक्सवरून लिनक्सवर आणला, त्यात ईइंटर आला की पुन्हा क्लोज मारणारी लूप होती, लिहिणाऱ्याने तिथे बरोबरच लिहिली होती. पण लिनक्सवर काय झालं बघा. एका थ्रेडने (प्रोग्राममधे एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकाने) सात नंबरचा डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाईलचा नंबर, बंद केला, सिग्नल आला, ईइंटर मिळाला, पण सात मोकळा झालेला. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने लॉगची फाईल उघडली, आणि ओपनने सगळ्यात लहान मोकळा नंबर द्यायचा हा पॉझिक्सचाच नियम, म्हणून तिला सातच मिळाला. इकडे पहिल्या थ्रेडची लूप फिरून आली आणि तिने सात बंद केला, म्हणजे दुसऱ्याची फाईल. मग त्या थ्रेडला लिहिताना एरर, किंवा त्याहून वाईट म्हणजे सात नंबर तिसऱ्याच सॉकेटला मिळालेला आणि लॉगच्या ओळी ग्राहकाच्या कनेक्शनवर. महिन्यातून एखाद वेळा व्हायचं, आम्ही केबल बदलली, नेटवर्क कार्ड बदललं. एका शब्दाने केलेलं ते सगळं.

२०२४ च्या आवृत्तीत हे सुधारलं. आता ईइंटर आला तर फाईल उघडी आहे असाच अर्थ, बंद झाली असेल तर ईइनप्रोग्रेस हा एरर कोड द्या किंवा शून्य द्या, आणि जोडीला पॉझिक्स क्लोज नावाचं नवीन फंक्शन. सगळ्या सिस्टीम लगेच तसं करतील असं नाही, पण प्रोग्रामरने विचारलं तर उत्तर काय असलं पाहिजे ते तरी आता ठरलं. ट्रॅकरवर कोणीतरी शेरा लिहिला म्हणून ते झालं, कर्नलचा सोर्स वाचून हे मिळत नाही. सोर्स आज काय होतंय ते सांगतो, उद्या काय व्हायला हवं ते त्यात नसतं.

कोपरखैरणे_थर्डइयर

काका हे आम्हाला ओएसच्या पेपरला कोणी असं शिकवलं नाही. लूपवाला कोड मी आजच लिहून बघते.

नौपाडा_रूट

काका, क्लोजचं पटलं. पण २०२४ मधे आमच्यासारख्या रोज शेल लिहिणाऱ्यांना काय मिळालं ते पण सांगा.

ऐरोलीकर

भरपूर. सेट मायनस ओ पाइपफेल आला, म्हणजे पाइपमधली मधली कमांड पडली तर आता स्टँडर्डप्रमाणेच कळेल. फाइंडला प्रिंट शून्य आणि एक्सआर्ग्जला मायनस शून्य आले, फाईलच्या नावात स्पेस नाहीतर न्यूलाईन असली तरी गोंधळ नाही. सेडला मायनस मोठा ई. रिअलपाथ, टाइमआउट या कमांड आल्या. सी मधलं गेट्स एकदाचं गेलं. टाइम टी, म्हणजे वेळ साठवायचा आकडा, किमान ६४ बिटचा पाहिजे हे आलं, म्हणजे १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटचा आकडा संपतो त्याची सोय. यातल्या बऱ्याच गोष्टी आपण आधीपासून वापरतोच. स्टँडर्डवाले शक्यतो नवीन शोध लावत नाहीत, कुठेतरी चालत असलेली गोष्ट उचलतात आणि शब्दात बांधतात, आणि नवीन फीचर हवं असेल तर त्या तिघांपैकी एका संस्थेने ते पुढे करावं लागतं. म्हणून आपण नवीन फीचर मागायच्या भानगडीत पडू नये, जे लिहिलंय ते कुठे अपुरं आहे तेवढं दाखवावं.

वाशी_सेक्टर१७

मी लेट आले धाग्यावर पण माझा एक विषय आहे आणि तो मराठीचा आहे. मी शिकवते, शिवाय एका संस्थेसाठी रोज रिपोर्ट काढते, त्यात स्टेशनांची नावं मराठीत आणि पुढे आकडे. प्रिंटएफमधे वीस रुंदीचा कॉलम दिलाय, डावीकडे नाव उजवीकडे आकडा. इंग्रजी नावं सरळ रांगेत येतात आणि मराठी घेतली की सगळं वेडंवाकडं. ठाणे पुढे आठ स्पेस पडतात, तुर्भे पुढे दोनच, कोपरखैरणेला तर एकही नाही, आकडा नावाला चिकटून. मी बसून मोजलं तेव्हा कळलं. ठाणे म्हणजे आपल्याला दोन अक्षरं, पण युनिकोडमधे ठ, काना, ण, मात्रा असे चार तुकडे आणि यूटीएफ आठमधे प्रत्येकी तीन बाइट, झाले बारा. तुर्भे पण आपल्याला दोनच अक्षरं, पण त, उकार, र, हलन्त, भ, मात्रा म्हणजे सहा तुकडे आणि अठरा बाइट. आणि स्टँडर्डमधे फील्डची रुंदी बाइटमधेच मोजा असं लिहिलंय, मी ती ओळ वाचली. कोपरखैरणे सत्तावीस बाइट, वीसच्या वरच गेलं. म्हणजे प्रिंटएफ नियमाप्रमाणेच वागतोय. मला याचा खूप त्रास होतो, आपली भाषा लिहिली की यंत्र आपल्याला मोजायला चुकतं आणि ते चुकणं नियमात बसतं.

नौपाडा_रूट

ताई, खरं आहे, पण हे पॉझिक्सचं काम आहे का? सॉर्टचं पण तसंच. मी बाइटच्या क्रमाने सॉर्ट केलं तर ळ येतो ल च्या मागोमाग, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. क्ष तर क च्याच घरात जाऊन बसतो. आता हे कोणाला सांगायचं?

पाचपाखाडीचा_जुना_युनिक्सवाला

नौपाडांनी मुद्द्याचं विचारलं. कोणाचं काम कोणाकडे हे आधी वेगळं करू, नाहीतर आपला शेरा पहिल्याच फटक्यात परत येईल.

ळ कुठे यावा हे पॉझिक्स सांगत नाही, सांगणारही नाही. त्यात क्रम कसा लिहायचा याची पद्धत आहे, क्रम नाही. मराठीचा क्रम लोकेलच्या (भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगच्या) फाईलीत असतो, त्याची तक्रार लोकेल बनवणाऱ्यांकडे. काही गोष्टी अशा की स्टँडर्ड बरोबर आहे आणि टूल चुकतं. उदाहरणार्थ कट मायनस सी, स्टँडर्ड म्हणतं कॅरेक्टर मोजा, पण माझ्या उबंटूवरचा कट बाइट मोजतो. ठाणेमधला पहिला कॅरेक्टर मागितला की एक तुटका बाइट हातात येतो, स्क्रीनवर प्रश्नचिन्हाचा चौकोन. मुलाच्या मॅकवर बरोबर ठ येतो. तर ते टूल लिहिणाऱ्यांना कळवायचं. प्रिंटएफची बाइटची रुंदी बदला म्हटलं तर मोडणाऱ्या जुन्या प्रोग्रामांची रांग लागेल, तेव्हा ते इतक्यात होणार नाही.

उरतं ते व्याख्यांचं प्रकरण. कॅरेक्टरची व्याख्या काढून बघा. एक किंवा अधिक बाइट, जे एकच ग्राफिक सिंबॉल किंवा कंट्रोल कोड दाखवतात. आता ताई, तुम्ही शिकवता ना, सांगा, नुसती मात्रा हा एक सिंबॉल आहे का?

वाशी_सेक्टर१७

नाही हो काका. मात्रा एकटी उभीच राहत नाही. फळ्यावर नुसती मात्रा काढली तर मुलं विचारतात बाई अक्षर कुठेय. आणि हलन्ताचं तर तुर्भेमधे चिन्हच दिसत नाही, भ च्या डोक्यावर रफार दिसतो फक्त. दिसतं एक आणि साठवलंय भलतंच.

ऐरोलीकर

मंडळी हाच आपला पहिला शेरा. व्याख्या म्हणते ग्राफिक सिंबॉल, आणि डब्ल्यूसी मायनस एम ही कॅरेक्टर मोजणारी कमांड तुर्भेला सहा म्हणते, वाचणाऱ्याला दिसतात दोन. चूक डब्ल्यूसीची नाही, सिंबॉल या शब्दाने वाचणाऱ्याची दिशाभूल होते. व्याख्या बदला असं मागायचं नाही, कारण ती सीच्या मल्टीबाइट कॅरेक्टरशी बांधलेली आहे, तिला हात लावला की सगळी इमारत हलते. मी असा मसुदा करतोय, बघा:

"काही लिप्यांत, उदाहरणार्थ देवनागरीत, वाचणारा ज्याला एक अक्षर म्हणतो ते एकाहून जास्त कॅरेक्टरचं बनलेलं असतं. डब्ल्यूसी मायनस एमने मिळणारी संख्या ही अक्षरांची संख्या असेलच असं नाही. ॲप्लिकेशनने ती तशी धरू नये."

जागा, डब्ल्यूसीच्या पानावरचा ॲप्लिकेशन युसेज हा भाग. इंग्रजी मी करतो.

नौपाडा_रूट

शेवटच्या वाक्याला हरकत. धरू नये याचं इंग्रजी तुम्ही शॅल नॉट करणार आणि ॲप्लिकेशन युसेज हा माहितीचा भाग आहे, तिथे सक्तीची भाषा चालत नाही. तुम्हीच वर सांगितलंत क्रियापदावर बोट ठेवा.

ऐरोलीकर

बरोबर पकडलंत, थँक्यू. शेवटचं वाक्य काढतोय, दुसऱ्यात सगळं आलंच आहे.

कोपरखैरणे_थर्डइयर

मी आकडे काढून बघितले, शेऱ्यासोबत द्यायला. प्रिंटएफने नाव देऊन डब्ल्यूसीला पाइप केलं. यूटीएफ आठच्या लोकेलमधे ठाणे मायनस एम ने ४, मायनस सी ने (तो बाइट मोजतो) १२. तुर्भे ६ आणि १८. मैत्रिणीच्या मॅकवर पण तेच. पण उबंटूच्या डॉकर कंटेनरमधे मायनस एम ने पण १२ आणि १८ आले! अर्धा तास लागला कळायला, कंटेनरमधे लोकेल सेटच नसतं म्हणून तो पॉझिक्स लोकेल धरतो आणि तिथे एक बाइट म्हणजे एक कॅरेक्टर. म्हणजे एकाच शब्दाचे २, ६ आणि १८ असे तीन आकडे. हे पण लिहायचं का?

आणि असाच शेरा आधी कोणी दिलाय का ते ट्रॅकरवर शोधायचं ना?

पाचपाखाडीचा_जुना_युनिक्सवाला

शाब्बास. कंटेनरचं लिहू नका, तो वेगळा विषय, एका शेऱ्यात एकच गोष्ट. ४ आणि १२, ६ आणि १८ एवढे आकडे द्या, लोकेलचं नाव द्या. ट्रॅकर तुम्हीच शोधा, कॅरेक्टर, कंबाइनिंग, डब्ल्यूसी तिन्ही शब्द टाकून, बंद झालेले शेरे पण बघा. डुप्लिकेट म्हणून परत येण्यापेक्षा एक संध्याकाळ गेलेली बरी.

वाशी_सेक्टर१७

उदाहरण तुर्भेच घ्या, ठाणे नको. ठाणेमधे काना मात्रा सुट्या दिसतात तरी, तुर्भेमधे रफार आहे, परक्या माणसाला फरक लगेच दिसेल. मी दोन्ही शब्द मोठ्या अक्षरात लिहून खाली तुकडे पाडून देते.

ऐरोलीकर

ठरलं, तुर्भे. रविवारी सकाळी दहाला तलावपाळीला भेटू, गडकरीच्या बाजूला, काकांना पण जवळ पडेल. तेव्हा इंग्रजी मसुदा प्रिंट करून आणतो. पान आणि ओळ नंबर प्रत्येकाने आपापल्या घरून पीडीएफमधे बघून या, चौघांचे आकडे जुळले की मगच पाठवायचं.